घरच्या बागेलाही ठिबक हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळू लागले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटरचे अंतर कापून आणि पंपांच्या बळावर विंध्याचा चढ चढून ते आपल्या टाक्यांत येते. इतक्या खर्चाने वर आणलेले पाणी ऐन मे महिन्यात, भर दुपारी रबरी नळीने अंगणात सोडलेले दिसते, तेव्हा मनापासून वाईट वाटते. ठिबक सिंचन म्हणजे निमाडातल्या केळी-मिरचीच्या शेतांचे काम, असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक दहा कुंड्या आणि चार झाडे असलेल्या घरालाही ते तितकेच उपयोगाचे आहे.

ताशी ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे नळीवर बसवलेले थेंब सोडणारे छोटे तोंड, अर्ध्या तासात २ लिटर पाणी देतो आणि ते मुळांशीच मुरते. माळव्याच्या काळ्या मातीला ही सावकाशी मानवते, कारण ती पाणी हळू शोषते, पुष्कळ काळ धरून ठेवते आणि तिच्यात ओल आडवीही पसरते. त्यामुळे जमिनीतल्या मोगऱ्याला एक ड्रिपर पुरतो. लिंबाच्या मोठ्या झाडाला मात्र तीन-चार लावावेत, आणि तेही खोडाला चिकटून नव्हे, तर फांद्यांच्या घेराखाली. कुंडीतल्या भुसभुशीत मातीतून पाणी सरळ खाली उतरते, म्हणून तेथे ताशी २ लिटरचा ड्रिपर रोज थोडाच वेळ, शक्यतो सकाळी लवकर चालवणे बरे.

खरी अडचण दाबाची असते आणि दुकानात ती कोणी समजावून सांगत नाही. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. दुमजली घराच्या टाकीतून अंगणातल्या बागेला पुरेसा दाब येतो. परंतु त्याच गच्चीवरच्या कुंड्या टाकीपासून जेमतेम मीटरभर खाली असतात, आणि तेथे दाब-नियंत्रित (दाब बदलला तरी सारखेच पाणी देणारे) महागडे ड्रिपर नीट चालत नाहीत. अशा ठिकाणी साधे, कमी-जास्त करता येणारे ड्रिपर आणि आखूड नळ्या वापराव्यात.

टायमर नंतर घेतला तरी चालेल, गाळणी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. ज्यांच्याकडे बोरिंगचे जड पाणी आहे, त्यांच्या ड्रिपरच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर धरतो; थेंब मंदावतो, मग थांबतो, आणि झाड सुकू लागेपर्यंत ते लक्षातही येत नाही. गाळणी आठवड्याला धुवावी, नळीचे शेवटचे टोक अधूनमधून उघडून गाळ वाहू द्यावा आणि कोंडलेले ड्रिपर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवावेत.

ड्रिपरखालची माती वाळक्या पानांनी किंवा कंपोस्टने झाकली, तर ओल आणखी टिकते. कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' ज्या शहरात विकसित केली, तेथे हे कोणाला पटवून द्यावे लागू नये.

महापालिकेच्या उद्यान विभागाने निदान एका सार्वजनिक बागेत असा छोटा घरगुती संच कायमचा मांडून ठेवावा, आणि त्याची जोडणी व सफाई दाखवण्यासाठी रविवारी सकाळी तेथे माळी असावा, अशी माझी विनंती आहे. बाग उन्हाळ्यातही जगवू पाहणारी बरीच मराठी कुटुंबे शहरात आहेत. ती नक्की येतील.

आपली नम्र,
एक वाचक, इंदूर