अण्णाचा कागद

पुणे,
डिसेंबर 2025

प्रिय दिग्या,

आधी शिव्या देऊन घे. दिवाळीत तुझे फोन येत होते आणि मी ‘रात्री करतो, रविवारी करतो’ म्हणत राहिलो. तब्येत ठीक. गुडघा थंडीत कुरकुरतो, आईची साखर गोळ्यांवर आहे, बाकी सगळे मजेत.

मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीतल्या बाईक रेसचा, चॅम्पियन हर्लिंग्ज केटीएम सोडून होंडाकडे गेला. मी घरात मोठ्याने म्हटलं, “हर्लिंग्ज गेला रे!” हिने टीव्हीचा आवाज कमी केला, पदर सावरला आणि हळूच विचारलं, “कशाने?” आता सांग, हे पत्र तुला नाही तर कुणाला लिहू?

2010 साली पंधरा वर्षांचं पोरगं म्हणून केटीएमवर बसला. पाचही वर्ल्ड टायटल त्याच रंगात. जुन्या चॅम्पियन एव्हर्ट्सचा 101 ग्रांप्री विजयांचा विक्रम मोडला तोही केटीएमवरच. टाच मोडून 2022 चं अख्खं वर्ष घरी बसला, तरी कंपनीने धरून ठेवला. आणि एकतिसाव्या वर्षी रामराम. होंडाच्या गाजेरचंही तेच. बारा सीझन होंडावर काढले, पाच टायटल दिली, आणि आता यामाहावर. म्हणजे होंडाने आपला गडी सोडला आणि केटीएमचा उचलला. उखाळ्यापाखाळ्या नाहीत, दोन्हीकडून गोड गोड निवेदनं. सोडचिठ्ठी इतकी गोड असली की मला नेहमीच शंका येते.

पण खरी मेख पुढे आहे. त्याच केटीएमने अमेरिकेत कुणाला घेतलं? एली टोमॅकला. वय तेहेतीस! एकतिशीचा घरचा नको आणि तेहेतिशीचा बाहेरचा चालतो. वर आकुर्डीचे, म्हणजे बजाजचे, पैसे. 2024 च्या नोव्हेंबरात केटीएमचं दिवाळं निघायची वेळ आली, तेव्हा मला वाटलं होतं की रेसिंगलाच कुलूप लागतंय. बजाजने 80 कोटी युरोची सोय केली आणि आता ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनची, म्हणजे केटीएमच्या घरची, किल्लीच आकुर्डीत आली. तू म्हणायचास ना, “चाकणला ड्यूक बनते म्हणून केटीएम काय आपली होते का?” झाली बघ. पैज लावली असतीस तर मिसळ वसूल केली असती.

असो. मुद्दा अण्णाचा आहे, आपल्या टीमच्या जुन्या रायडरचा. तीन पानं खरडून फाडली, ती त्याच्यामुळेच.

मार्चमध्ये त्याचा करार संपतो. टीमचे पैसे देणारे शेठ (तोच, बॅटरीवाला) म्हणतात, साताऱ्याचं पोरगं घ्या. पोरगं सतरा वर्षांचं आहे आणि वेगवान आहे, हे मी नाकारत नाही. मागच्या महिन्यात दोघांना एकाच ट्रॅकवर सोडलं. पोरगं ट्रिपलवर, लागोपाठच्या तीन उंचवट्यांवर, सरळ एका उडीत गेलं. अण्णाने एक फेरी नुसती बघण्यात घालवली, मग डबल-सिंगल करून, म्हणजे आधी दोन मग एक अशा उड्यांत, गेला आणि तिसऱ्या फेरीत आतल्या लाईनने त्याला गाठला. नंतर टेम्पोच्या फळीवर बसून डाव्या मनगटाची पट्टी सोडत होता. दाताने टोक धरून. उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत, तू होतास तेव्हाची ती पडझड. मला म्हणाला, “कागद केव्हा करायचा?” आणि हसला. त्या हसण्यानेच माझी पंचाईत केलीय.

म्हणून मी इतके दिवस मोठ्यांचे कागद डोक्यात घोळवतोय. कंपन्या म्हाताऱ्या चॅम्पियनला काढत नाहीत दिग्या, कागद बारीक करत जातात. आधी तीन वर्षांचा एक वर्षाचा होतो. मग पगाराचा आकडा खाली आणि बोनस वर, म्हणजे जिंकलास तर खा. मग रेसेस कमी. फ्रेंच रायडर मस्कॅंला केटीएमने शेवटी शेवटी फक्त सुपरक्रॉसपुरता (स्टेडियममधल्या रेसेस) ठेवला, उन्हाळ्यातलं मोटोक्रॉस बंद. टोमॅक यामाहावर वर्षावर्षाच्या बोलीवर राहिला आणि 2022 ला पहिल्याच फटक्यात टायटल दिलं. 2023 ला डेन्वरमध्ये टायटल खिशात असताना त्याची टाचेची शीर तुटली, आठवतं? तू तेव्हा रात्री मला नुसता रडका चेहरा पाठवला होतास.

मला वाटतं, टोमॅकसारख्याला सुपरक्रॉसपुरता कागद हा मानच आहे. एकतीस रेसेसचं वर्ष तिशीनंतर कुणाचं अंग झेपवतं? सतरा सुपरक्रॉस, अकरा मोटोक्रॉस, वर तीन प्लेऑफ. पण तोच कागद ज्याला नको असताना पुढे सरकवला जातो, त्याला कळतं की दार कुठल्या बाजूला उघडतंय.

आणि कैरोली! नऊ टायटलवाला. ज्याच्या हाताखाली केटीएमची 350 सीसीची गाडी पहिल्याच वर्षी, 2010 ला, 450 वाल्यांना पुरून उरली. 2021 ला निवृत्त झाला, 2023 ला त्यालाच टीम मॅनेजर केला. मला तेव्हा भरून आलं होतं, तुला “बरं झालं, टोपी मिळाली” एवढंच सुचलं. वर्षभरात तो बाहेर. 2024 ला डुकाटीची नवी गाडी घडवायला गेला आणि अडतिसाव्या वर्षी आर्नहेमच्या ग्रांप्रीत ती घेऊन उभा. मॅनेजरची खुर्ची असलेल्या माणसाला परत रेसच्या गेटवर यावंसं वाटतं, म्हणजे खुर्चीत काही राम नव्हता, हे मी लिहून देतो. एव्हर्ट्सची गोष्ट निराळी, तो 2006 ला पंधरापैकी चौदा ग्रांप्री जिंकून स्वतःच उतरला.

आता शेठ अण्णाला काय देऊ म्हणतात माहितीये? “सल्लागार.” मानधन पगाराचा तिसरा हिस्सा, फोटो बॅनरवर. माझ्या तोंडात शिवी आली होती.

पण शेठवर डाफरायचं तरी कुठल्या तोंडाने? हर्लिंग्ज-टोमॅकवर मी बरंच डोकं खाजवलं. वय हा प्रश्नच नाही. युरोपात केटीएमच्या मांडवात लुकास कोनेन बसलाय, 2006 चा जन्म, यंदा जगात दुसरा आला. मग हर्लिंग्जचा आकडा कुणाला जड होणार नाही? अमेरिकेत केटीएमचा सेक्स्टन कावासाकीला गेला, जागा रिकामी पडली, म्हणून टोमॅकचं वय कुणी मोजलं नाही. फ्रेंच रायडर फेव्रेला यामाहाने 2019 नंतर ठेवला नाही. तो कावासाकीवर गेला आणि यंदा तेहेतिसाव्या वर्षी, पहिल्या टायटलनंतर दहा वर्षांनी, पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन! मागे कोण उभं आहे यावर पुढच्याची किंमत ठरते. आमच्या मांडवात मागे साताऱ्याचं पोरगं उभं आहे. आणि अण्णाला उचलणारी दुसरी कावासाकी इथे आहे कुठे? बालेवाडीच्या 2024 च्या सुपरक्रॉस लीगसाठी रायडरचा लिलाव झाला, तेव्हा तो टीव्हीसमोर नवा शर्ट घालून बसला होता. त्या संध्याकाळचं मी तुला कधी सांगितलं नाही.

तू म्हणशील, अमेरिकेत गाजलेल्या रायडर चॅड रीडसारखी स्वतःची टीम काढू दे. 2011 ला मनासारखी गाडी मिळेना म्हणून रीडने तंबू टाकला, रेसेस जिंकल्या, सगळं खरं. ते त्याचं कर्तृत्व, आणि तू पंधरा वर्षं मला ते ऐकवतोयस. (त्याचा प्रतिस्पर्धी व्हिलोपोटो तरीही भारी होता. सव्विसाव्या वर्षी गाडी टांगली, हिंमत लागते.) पण रीडकडे नाव होतं, अण्णाकडे गॅरेजचं भाडं थकलंय.

तर मी कागद असा करतोय. एकच वर्ष, पण पगार पूर्ण. रेसेस निम्म्या, कुठल्या ते अण्णा ठरवणार. सल्लागार-बिल्लागार शब्द नको. आणि एक ओळ, जी मोठ्या कारखान्यांत रायडरच्या अंगावर उलटते, ती मी उलटी लिहिणार: पडला तरी पैसे थांबणार नाहीत. पोरगंही घ्यायचं, पण त्याची गाडी पहिलं वर्ष अण्णा सेट करेल. शेठ यावर सही करतील असं मला वाटत नाही. अण्णाला यात दया दिसली तर तोही करणार नाही, आणि मग मी दोघांनाही मुकेन.

तू त्याचा मेकॅनिक होतास. माझ्याशी तो हसतो, तुझ्याशी बोलतो. फोन कर त्याला. माझं नाव काढू नकोस, कार्ब्युरेटरपासून सुरुवात कर, पोचेल तो कागदापर्यंत. त्याला नक्की काय हवंय ते मला कळव. शेठकडे मी पंधरा तारखेला जातोय, त्याच्या आत.

चिनूची दहावी कशी चाललीय? वहिनींची बदली थांबली का? घराचं पझेशन मिळालं की अजून बिल्डर तारखाच देतोय? सगळं सविस्तर लिही, माझ्यासारखं करू नकोस.

तुझा,
बंड्या

ता. क. अण्णा रात्री साडेनऊनंतर फोन उचलत नाही. जेवायच्या आधी कर.