दहा टक्क्यांवर अडून बसलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी आणून देता आलं असतं. पण खानापूर, निपाणीकडची मुलं मला विचारतात, ‘एंजल इन्व्हेस्टर गाठायला पुण्याला जायचं की बंगळूरला?’ नव्या धंद्यात स्वतःचे पैसे घालून हिस्सा घेणारा, तुमच्यासारखा माणूस त्यांना हवा असतो. त्यांनाही वाचता यावं म्हणून उघड लिहितेय. तुमचं नाव घालायचं नाही ही अट पाळली आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या तुमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी पहिल्यांदा आले ती बावीस स्लाइडचं इंग्रजी सादरीकरण घेऊन. तुम्ही लॅपटॉप मिटवलात, वाळूची मूठ माझ्या हातात दिलीत आणि विचारलंत, “यात ओल किती?” बाबांचं सगळं आयुष्य मोल्डिंगमध्ये, म्हणजे वाळूचे साचे करण्यात गेलेलं, त्यामुळे मूठ दाबून वाळू ओळखणं मी घरातच शिकले होते. “चार टक्क्यांच्या वर,” म्हटलं. मग माझं ओल मोजायचं यंत्र लावून पाहिलं, तेही तेच म्हणालं. ओल जास्त झाली की धातूच्या तापलेल्या रसाने वाफ धरते, कास्टिंगला ब्लो-होल, म्हणजे पोकळ छिद्रं पडतात, माल रिजेक्ट होतो. हे तुम्हाला स्लाइडवर दाखवायची गरजच नव्हती.

तरी त्या दिवशी पैसे दिले नाहीत. “तीन फाउंड्र्यांत लाव आणि भाडं घे. फुकट दिलेलं कोपऱ्यात पडून राहतं.” मला राग आला होता, खरं सांगते. चार महिन्यांनी दोघांनी यंत्र ठेवून घेतलं, एकाने परत केलं. तुम्ही त्या परत केलेल्याबद्दलच तासभर विचारत राहिलात.

मग पैशांची गोष्ट निघाली. मला २५ लाख हवे होते आणि घाईत मी ४० टक्के हिस्सा देऊ केला. देणारी मी, आणि नको म्हणणारे तुम्ही! मालाच्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलीने हिशेब मांडलात. आज ४० टक्के दिले आणि पैसे उभारायच्या पुढच्या दोन फेऱ्यांत वीस-वीस टक्के गेले, तर संस्थापकांकडे उरणार ३८.४ टक्के. आज १० दिले तर ५७.६. “ज्याच्या हातात काही उरलं नाही, त्याच्यावर पुढचा कोण पैसे लावेल?” असं म्हणून तुम्ही दहावर अडून बसलात. म्हणजे पैसे आल्यानंतरची कंपनीची किंमत अडीच कोटी. इतकी किंमत मागायचं धाडस मला झालं नसतं.

माझी तर प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकटीच्या मालकीचा धंदा होता, तिच्यात शेअर कुठले? आधी प्रायव्हेट लिमिटेड केली. शेअरला वाजवीपेक्षा जास्त किंमत मिळाली तर त्या वरच्या रकमेवर लागणारा, २०१२ पासूनचा एंजल टॅक्स तेव्हा लागू होता, म्हणून स्टार्टअपची मान्यता घेऊन सूट मिळवावी लागली. (२०२४ च्या अर्थसंकल्पात तो टॅक्स काढून टाकला, नवीन मुलांची ती एक कटकट संपली.) पैसे वेगळ्या खात्यात आले आणि मी लगेच त्यातून सुट्या भागांचं बिल भागवायला निघाले. तुम्ही थांबवलंत. शेअर वाटप होऊन त्याचं विवरण रजिस्ट्रारकडे जाईपर्यंत त्यातला रुपयाही वापरता येत नाही, हे तेव्हा कळलं.

माझ्यात आणि माझ्या भागीदार मित्रात चार वर्षांचा व्हेस्टिंगचा, म्हणजे हिस्सा हळूहळू पक्का होत जाण्याचा करार तुम्हीच करायला लावलात. पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय कुणाचाच हिस्सा पक्का नाही. “एका ताटात जेवलोय आम्ही,” मी म्हणाले होते. आठव्या महिन्यात त्याला बंगळूरची नोकरी लागली. करारानुसार त्याचे शेअर दर्शनी किमतीला परत आले, आणि आजही गणपतीला तो आमच्याकडे जेवायला असतो. ती मैत्री राहिली याचे आभार मी कधी मानलेच नव्हते.

दर महिन्याच्या एक तारखेला मी तुम्हाला पानभर पत्र लिहायचं: हातात पैसे किती, ते किती महिने पुरतील, आणि वाईट बातमी सगळ्यात वर. एकदा मी वाईट बातमी दाबली. यंत्राच्या वाळूत जाणाऱ्या प्रोबची टोकं घासून झिजत होती, ग्राहक ओरडत होते आणि मी पंधरा दिवस गप्प. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही आवाज चढवला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला क्रोमचा कडक मुलामा देणाऱ्या हार्ड क्रोमवाल्याकडे घेऊन गेलात आणि परतताना गाडीत एवढंच म्हणालात, “पंधरा दिवस आधी आलो असतो.” ते वाक्य मला अजून टोचतं.

गेल्या आठवड्यात पुण्याहून एक फंडवाले आले होते. यंत्र बघायच्या आधी त्यांनी विचारलं, “तुमचा स्वतःचा हिस्सा किती?” मी नव्वद म्हटलं. पेन्सिलीचं ते चलन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्यांची टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद आला आहे. शनिवारी दुपारी तो घेऊन येते, काकूंना जेवायला सांगून ठेवा.

आपली,
अनगोळची वाळूवाली