मीरपूर, जालंधर, कंपाला : एका मसुद्यावरून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांवरचा, दिवाळी अंकासाठीचा तुझा मसुदा मिळाला. भाषा नेहमीसारखीच गोळीबंद. पण दुसऱ्याच पानावर ‘एकाच उपखंडातून, एकाच काळात ब्रिटनला गेलेले दोन समाज, एक वर चढला, एक तळाशी राहिला, फरक संस्कारांचा’ असं लिहून तू मोकळा झालास, तिथे मी अडलो. यातलं ‘एकाच काळात’ चूक आहे आणि ‘दोन समाज’ही चूक आहे. हे दोन्ही दुरुस्त केले की संस्कारांना टेकायला फारच थोडी जागा उरते. लेख छापायला जाण्याआधी हे पत्र वाच. लांबलं आहे, इलाज नाही.

आधी हे मान्य करतो की तू दिलेली दरी खरी आहे. २०१८ साली ब्रिटनमधल्या नोकरदारांचं तासाचं मध्यक वेतन (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) गोऱ्या ब्रिटिशांमध्ये १२.०३ पौंड होतं, भारतीय वंशाच्या लोकांत १३.४७ आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांत १०. इंग्लंडमध्ये २०१६-१८ या काळात भारतीय वंशाची ७४ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, पाकिस्तानी वंशाची ५८ टक्के. आणि सर्वात बोचरा आकडा वस्त्यांचा : इंग्लंडमधल्या सर्वाधिक वंचित दहा टक्के वस्त्यांत पाकिस्तानी वंशाचे सुमारे ३१ टक्के लोक राहतात, भारतीय वंशाचे आठ टक्केही नाहीत. दरी आहेच. ती कशाने पडली, एवढाच आपला वाद.

मीरपूरपासून सुरुवात कर. ब्रिटनमधल्या पाकिस्तान्यांचा मोठा भाग पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या या डोंगराळ, कोरडवाहू भागातला आहे. तिथले पुरुष इंग्रजी अमदानीत आगबोटींच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामाला लागले, आणि त्यांची भरती होई आपल्या मुंबई बंदरात. त्या खलाशांपैकी काही ब्रिटनमध्ये उतरले. पुढे येणाऱ्यांना पत्ता मिळाला तो त्यांचा. मग झेलमवर मंगला धरण आलं. १९६७ साली ते पूर्ण झालं तेव्हा जुनं मीरपूर गाव आणि आसपासची खेडी पाण्याखाली जाऊन लाखाहून अधिक माणसं उठली होती. त्यांतल्या कित्येकांनी ब्रिटनची वाट धरली.

ती वाट कुठे गेली, ते नीट लिही, कारण सगळी गोम तिथे आहे. ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्या आणि ओल्डहॅम, बर्नली, रॉचडेलच्या सूतगिरण्या तेव्हा अखेरच्या घटका मोजत होत्या. मालकांनी नवी यंत्रं आणली. ती परवडायची तर चोवीस तास चालवायला हवीत. बायकांना रात्रपाळीला लावायला कायद्याची आडकाठी, आणि स्थानिक पुरुष त्या पगारात रात्रीचा यायला तयार नाही. ती पाळी मीरपुऱ्याने भरली. रात्रपाळीत सगळे आपल्याच गावचे, मुकादमही आपलाच. दहा वर्षं काम करून इंग्रजीची दहा वाक्यं आली नाहीत, तर त्यात आळस कसला? १९७० नंतर गिरण्या पटापट बंद पडू लागल्या आणि १९८०च्या सुमारास तर धूळधाण झाली. गिरणगावात वाढलेल्या तुला याहून जास्त सांगायला नको. उरलं काय, तर टॅक्सी आणि खाद्यपदार्थांची दुकानं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम करणाऱ्या पाकिस्तानी पुरुषांपैकी सुमारे सहात एक टॅक्सी किंवा खासगी गाडी चालवत होता. गोऱ्या ब्रिटिशांत हे प्रमाण शंभरात एक.

आता तुझ्या लेखात ज्याचा पत्ताच नाही तो माणूस : जालंधरच्या दोआबातला शीख शेतकरी. मीरपुऱ्याशी तुलना करायचीच तर याची कर. तोही खेड्यातला, तोही जमिनीचा तुकडा राखून निघालेला, त्यालाही इंग्रजी बेताचंच. तो गेला बर्मिंगहॅम, स्मेदिक, वुल्व्हरहॅम्प्टनच्या फौंड्र्यांमध्ये, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांमध्ये, आणि लंडनजवळ साउथॉलच्या रबर कारखान्यात. फौंड्र्याही पुढे बुडाल्या. पण साउथॉलच्या कुशीत हीथ्रो विमानतळ वाढत होता : सामान उचलणं, साफसफाई, विमानातलं जेवण, मग हळूहळू कार्यालयातली कामं. ओल्डहॅमला विमानतळ नव्हता. दोघांची नातवंडं आज ताडून पाहिली तर फरक दिसतोच, पण भारत-पाकिस्तान या सरसकट आकड्यांत दिसतो त्याहून पुष्कळ कमी.

जो फरक उरतो त्यातला मोठा वाटा बायका कधी आल्या यात आहे. १ जुलै १९६२ला नवा स्थलांतर कायदा लागू झाला आणि मोकळं दार बंद झालं. कामासाठी परवाना लागू लागला, पण बायकामुलांना आणायची मुभा राहिली. शिखांनी कुटुंबं लवकर आणली. मीरपुरी पुरुष वर्षानुवर्षं एका खोलीत आठ-दहा जण राहून पैसे गावी पाठवत राहिला. त्याची बायकामुलं बहुतांशी सत्तरच्या दशकात आली. म्हणजे मुलं शाळेत रुळेपर्यंत बापाची गिरणी बंद.

दुसरा धागा सोयरिकीचा. इथे तू ‘मागास चालीरीती’ असा शब्द वापरला आहेस, तो आधी काढ. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या मुलखातल्या माणसाने तरी तो वापरू नये. गोष्ट साधी आहे. मीरपुऱ्यांत चुलत-मावस भावंडांत लग्न करण्याची रीत. त्यामुळे ब्रॅडफर्डमधल्या मुलीसाठी गावाकडचा चुलतभाऊ ठरलेला, आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे सख्ख्या भावाला नाही म्हणणं. शिखांत बापाचं आणि आईचं गोत वर्ज्य. त्यामुळे गावी असा कोणी हक्काने वाट पाहत बसलेला नसतो आणि ब्रिटनमध्येच स्थळ पाहायला वाव राहतो. याचा आर्थिक परिणाम काय? मीरपुरी घरात दर पिढीत आईबापांपैकी एक जण नवा आलेला. भाषा नवी, पदवी तिकडची, पहिली नोकरी तळाची. कागदावर तिसरी पिढी, व्यवहारात दीड. शिवाय प्रकृतीचा भाग : ब्रॅडफर्डमध्ये २००७नंतर जन्मलेल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात पाकिस्तानी वंशाच्या बाळांपैकी ३७ टक्क्यांचे आईबाप सख्खे चुलत-मावस भावंडं निघाले, आणि अशा बाळांत जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे ३ टक्क्यांवरून ६वर जातो. दुप्पट, पण शंभरातली चौऱ्याण्णव बाळं धडधाकट. दोन्ही गोष्टी लिही, एकच लिहू नकोस. ही लग्नं आता कमी होताहेत. तिकडचा जोडीदार आणायला वर्षाला १८,६०० पौंडांच्या कमाईची अट २०१२ साली आली, २०२४मध्ये ती २९,००० झाली. टॅक्सीच्या कमाईत ती गाठणं सोपं नाही.

आणि आता कंपाला, युगांडाची राजधानी. तुझ्या ‘भारतीय यशा’तला मोठा हिस्सा मुळात भारतातून थेट गेलेलाच नाही. पूर्व आफ्रिकेतले गुजराती : केनियातून १९६८च्या आगेमागे, युगांडातून १९७२ला. ऑगस्टमध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली, ८ नोव्हेंबरला ती संपली; सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला पोचली, खिशात पन्नासेक पौंड घेऊन. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘इथे येऊ नका’ असं कळवलं होतं. माणसं तिथेच गेली.

आपण या गोष्टीत ‘पन्नास पौंडांतून दुकानांची साखळी’ एवढंच ऐकतो. पन्नास पौंड खरे, पण बाकीचं सामान कस्टमला दिसत नव्हतं. शहरी राहणी, इंग्रजी शाळा, दोन पिढ्यांचा हिशेबवहीचा सराव, उधारीवर माल देणारे जातभाई, आणि सबंध कुटुंब एकाच विमानात. बायका पहिल्या महिन्यापासून कारखान्यात. लेस्टरच्या टाइपरायटर कारखान्यातला १९७४चा संप आणि लंडनच्या ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यातला १९७६ ते ७८चा जयाबेन देसाईंचा लढा, हे याच लोकांचे. घरात दोन पगार. मीरपुरी घरात एक, आणि त्यातलाही वाटा गावी.

माजी पंतप्रधान ऋषी सुनक आणि लंडनचे महापौर झालेले पाकिस्तानी वंशाचे सादिक खान यांना समोरासमोर उभं करणारा परिच्छेद मात्र गाळ. सुनकांचे आईवडील पूर्व आफ्रिकेतले, वडील डॉक्टर, आई औषधविक्रेती. खानांचे वडील लंडनमध्ये बस चालवत. त्यातून चढ दाखवायचाच तर तो खानांच्या घरात जास्त उभा आहे, आणि तुझा मुद्दा उलटाच पडतो.

आता हिशेबाचं. सुधारित मसुद्यात आकडे घेताना या जागा सांभाळ.

पहिली जागा जन्मस्थळाची. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये भारतीय वंशाचे १८.६४ लाख, पाकिस्तानी वंशाचे १५.८८ लाख. स्कॉटलंडची गणना वेगळी, २०२२ची. तिथे पाकिस्तानी हाच सर्वात मोठा आशियाई गट आहे, म्हणून बेरीज करताना वर्ष लिही. भारतात जन्मलेले ९.२ लाख, पाकिस्तानात जन्मलेले ६.२४ लाख. म्हणजे ‘भारतीय’ या खान्यात अलीकडे आलेला संगणक अभियंता, परिचारिका, डॉक्टर असे व्हिसाच्या चाळणीतून निवडलेले लोक भरपूर. त्यांचा पगार एकीकडे आणि गिरणी कामगाराच्या नातवाचा दुसरीकडे ठेवून संस्कृती मोजता येत नाही. ब्रिटनमध्ये जन्मलेले तेवढेच घे, आणि एकाच वयोगटातले घे. पाकिस्तानी वंशाचे लोक सरासरीने बरेच तरुण आहेत आणि तरुणांचा पगार कुठेही कमीच असतो. वंशाऐवजी जन्मदेशाचा तक्ता वापरलास तर युगांडा-केनियाचे गुजराती भारताच्या रकान्यातून गळतात. ही चूक नेहमीची आहे.

दुसरी जागा कुटुंबाच्या आकाराची. ब्रिटिश सरकारी उत्पन्न-पाहणीत पहिल्या प्रौढाला ०.६७, पुढच्या प्रत्येक प्रौढाला आणि चौदा वर्षांवरील मुलाला ०.३३, लहान मुलाला ०.२० असं वजन असतं. आठवड्याला ६०० पौंड येणारी दोन घरं घे. नवरा-बायको आणि एक लहान मूल : वजन १.२०, म्हणून मोजायचे पौंड ५००. नवरा-बायको, आजी, एक पंधरा वर्षांचा मुलगा आणि दोन लहान : वजन २.०६, म्हणून २९१. पगार तोच, पण पहिलं घर गरिबीच्या रेषेच्या वर आणि दुसरं खाली. ही रेषा म्हणजे मध्यक उत्पन्नाचे साठ टक्के. घरभाडं-हप्ता वजा करून पाहिलं तर पाकिस्तानी वंशाचे जवळपास निम्मे लोक तिच्याखाली येतात, भारतीय वंशाचे साधारण चौथा हिस्सा. वजा न करता आकडे वेगळे येतात, म्हणून दोन तक्त्यांतले आकडे एका वाक्यात मिसळू नकोस.

तिसरी जागा घराच्या मालकीची. पाकिस्तान्यांनी साठच्या दशकात भिशी घालून, नातेवाइकांकडून जमवून, न्हाणीघरही नसलेली ओळीतली घरं रोखीने घेतली. मालकी आली, पण बर्नलीत घराची किंमत रांगत राहिली आणि लंडनच्या हॅरोत घोडदौड करत गेली. ५८ आणि ७४ या टक्क्यांत हा फरक दिसतच नाही. तो संपत्तीच्या आकड्यांत शोधावा लागतो.

शिक्षणावर तू एकच ओळ लिहिली आहेस, ती जुन्या माहितीवर. आज पाकिस्तानी वंशाची मुलं गोऱ्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात विद्यापीठात जातात. अडतं पदवीनंतर. तोच अर्ज, तीच पात्रता, फक्त नाव बदललेलं असे अर्ज पाठवून केलेल्या प्रयोगांत पाकिस्तानी नावाला मुलाखतीचं बोलावणं कमी येतं. २००१च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डला दंगली झाल्या. नंतरच्या सरकारी अहवालात शेजारी राहूनही एकमेकांना न भेटणाऱ्या ‘समांतर आयुष्यां’चा उल्लेख आला. तुझ्या लेखात दंगली आहेत, बंद गिरण्या नाहीत. दोन्ही एकाच पानावर यायला हव्यात.

शेवटी गोव्याचं. इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन बसलेले हजारो गोवेकर तुझ्या वाचकांना बहुधा ठाऊक नसतील. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. ते घेऊन युरोपीय नागरिक म्हणून ते ब्रिटनमध्ये आले आणि गोदामांत, कारखान्यांत पाळीच्या कामाला लागले. जनगणनेत त्यांच्यातले बहुतेक ‘भारतीय’च. आपल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळातला सल्लागार डॉक्टर आणि स्विंडनच्या गोदामातला सासष्टीचा फर्नांडिस यांची सरासरी काढून तू तिला भारतीय संस्कार म्हणणार असशील, तर निदान फर्नांडिसला विचारून घे.

मसुद्याच्या समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, तो वेगळ्या टपालाने येतो आहे. तक्ते नव्याने केलेस की आधी मला पाठव. वजनांचा भागाकार मी तपासून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रभाकर