काडतुसाची परीक्षा गिऱ्हाइकाच्या खांद्यावर नको

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

शिकारीची काडतुसे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांवर आपल्या खात्याची देखरेख असते, म्हणून हे पत्र. आमची तक्रार भावाबद्दल नाही. सीलबंद डब्यातून सदोष माल निघतो आणि तो सदोष आहे हे बऱ्याचदा चाप ओढल्यावरच कळते.

डोळ्यांना दिसणारे दोष गिऱ्हाईक शोधू शकते. प्रायमर, म्हणजे मार बसताच ठिणगी देणारी छोटी टोपी, पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडापासून साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर आत बसलेला हवा. तो वर राहिला तर बंदुकीच्या पिनचा मार त्याला खाली ढकलण्यातच खर्ची पडतो आणि काडतूस वाजत नाही. स्वयंभरणाच्या रायफलीत तर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा, आपटताच ते वाजण्याची भीती असते. कधी प्रायमर उलटा किंवा आडवा ठोकलेलाही सापडतो, म्हणजे तो डबा कोणी पाहिलाच नाही. अंगठ्याने दाबल्यावर गोळी आत सरकली तर ते काडतूस बाजूला काढायचे, कारण आतली जागा घटली की दाब वाढतो. पुंगळीच्या खांद्याला, म्हणजे मानेखालच्या उताराला, पोचा आला असेल तर काडतूस चेंबरमध्ये (नळीतल्या त्याच्या जागेत) नीट बसत नाही. तिथे बोल्टवर जोर करू नये.

पुंगळीच्या मानेवरची बारीक उभी चीर सर्वांत फसवी. काडतुसाचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. घडवताना त्यात ताण उरतो. मान तापवून तो नीट काढला नाही, तर अमोनिया आणि दमट हवेत पितळ आपोआप तडकते. तबेल्यांजवळ साठवलेली लष्करी काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत. या रोगाचे कारण १९२१ मध्येच सिद्ध झाले आहे. शंभर वर्षांनंतर तरी त्यासाठी सबब चालू नये.

आता आतल्या मालाचे. दारू न भरलेले काडतूस वजनावर पकडता येते. .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या प्रकारचे, ९.७ ग्रॅम गोळीचे काडतूस सुमारे २४ ग्रॅम भरते आणि त्यात दारू असते तीन ग्रॅमच्या आसपास. डब्यातले एखादे तेवढ्याने हलके लागले तर संशय पक्का. पण पुंगळ्यांच्याच वजनात ०.२ ग्रॅमचा फरक असू शकतो, त्यामुळे दारू पाव ग्रॅमने जास्त पडली तर घरच्या काट्यावर ते खात्रीने ओळखता येत नाही. दाब बिघडायला तेवढी पुरते. या काडतुसाच्या दाबाची, सीआयपी या बंदुका-काडतुसांच्या चाचणीचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा ४१५ मेगापास्कल आहे, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट.

दारूच नसेल तर फुसका बार होतो. एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते, आणि घाईने मारलेली पुढची गोळी नळी फोडते. आवाज किंवा धक्का कमी वाटला तर बंदूक रिकामी करून नळी आरपार पाहायची. काडतूस वाजलेच नाही तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबायचे, मगच बोल्ट उघडायचा. हे प्रत्येक शिकाऱ्याला माहीत असायलाच हवे. पण कारखान्याची चूक झाकायला ते पुरे नाही.

हजारात एक काडतूस सदोष असेल तर वीसच्या डब्यात ते येण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. दोषाचे प्रमाण हजारी एकापेक्षा कमी आहे, असे ९५ टक्के खात्रीने म्हणायला सुमारे ३,००० काडतुसे एकही न चुकता वाजावी लागतात. शिवाय वाजवलेले काडतूस संपले. म्हणून ही तपासणी लॉटवर, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाच्या गटावर, कारखान्यातच व्हायला हवी. १९१४ मध्ये सुरू झालेल्या सीआयपीच्या सदस्य देशांत ती बंधनकारक आहे आणि डब्यावर तशी खूण असते. १९२६ च्या सामी या अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेचे मापदंड मात्र ऐच्छिक आहेत. आम्हाला पहिली वाट हवी.

लॉट क्रमांक डब्याच्या झाकणावर आणि आतल्या ट्रेवरही छापावा. डबा फेकला जातो, ट्रे राहतो. प्रत्येक लॉटच्या दाबाचे आणि वेगाचे आकडे कोणालाही पाहता यावेत, नुसती सरासरी नको, सर्वांत मोठा आकडाही हवा. दोष निघाला तर तो लॉट विकलेल्या प्रत्येक दुकानापर्यंत सूचना जावी. दुकानदाराच्या विक्रीच्या नोंदीत लॉट क्रमांकाचा रकाना नसेल तर ती पुढे गिऱ्हाइकापर्यंत पोचणार नाही, तेव्हा आधी तो रकाना घाला.

न वाजलेले काडतूस टपालाने पाठवता येत नाही आणि घरात ठेवणेही धोक्याचे. दुकानदाराने ते परत घ्यावे, लॉट क्रमांक लिहून पावती द्यावी आणि ते उत्पादकाकडे नव्हे, तर स्वतंत्र प्रयोगशाळेकडे जावे.

आपले,
परवानाधारक शिकारी व बंदूक दुरुस्ती करणारे कारागीर