पत्र छापता, तर रुमालाचा क्रमांकही छापा

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. कडा जळालेला पिवळा कागद, त्यावर ठसठशीत बाळबोध अक्षर; पेशवाईतल्या सरदाराने मोहिमेवरून बायकोला लिहिलेले पत्र म्हणे. शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. मी मात्र फोटो मोठा करून पाहिला. दोन उद्गारचिन्हे, वर इंग्रजी तारीख आणि मजकुरात ‘मातृभूमीचे स्वातंत्र्य’!

मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. निवृत्तीनंतर मोडी, म्हणजे पेशवाईतली पत्रे ज्या लिपीत लिहीत ती, शिकले. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्द सुटे करत नाहीत. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे इंग्रजी अमलात, छापखान्याबरोबर आली. तारीख सहसा ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याची असते. तो कागद मात्र या सगळ्याच्या उलट होता.

अशा वेळी मला इटलीचा विद्वान लोरेन्झो व्हाल्ला आठवतो. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाइनने रोम आणि सारा पश्चिम भाग पोपला देऊन टाकला, असे सांगणारे दानपत्र शतकानुशतके खरे मानले जात होते. १४४० साली व्हाल्लाने ते शब्द न् शब्द तपासले. सम्राटाच्या दरबारी मंडळींत त्याला ‘सत्रप’ सापडले. सत्रप हा मूळचा इराणी अधिकारी. नाशिकच्या लेण्यांतल्या नहपान राजाच्या काळातल्या लेखांत भेटतो तो आपला क्षत्रप. चौथ्या शतकातल्या रोमन दरबारात तो आला कुठून? लॅटिनही त्या काळाचे नव्हते. दानपत्र बनावट ठरले. अभ्यासक आज ते आठव्या शतकाच्या सुमाराचे मानतात.

व्हाल्ला तेव्हा नेपल्सच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या आल्फोन्सो राजाच्या पदरी होता आणि राजाचे पोपशी वैर होते. त्यामुळे त्याच्या हेतूवर बोट ठेवणारे आहेत. ठेवू देत. निष्कर्ष राजाच्या सोयीचा होता म्हणून सत्रप काही खरे ठरत नाहीत. कागदाची भाषाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते, हे त्याने दाखवून दिले. पुढे १६८१ मध्ये फ्रान्समधल्या माबियों या साधूने जुने दस्तऐवज पारखण्याचे रीतसर शास्त्रच लिहिले. आपल्याकडे वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. इतके करून ठेवलेल्या माणसाच्या महाराष्ट्रात जळक्या कडा पाहून आपण विश्वास ठेवावा, याचे फार वाईट वाटते.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही जुनी पत्रे ठावठिकाण्याशिवाय छापून येतात. आपल्याला कळकळीची विनंती आहे. पत्र छापाल तेव्हा ते पुण्याच्या पेशवे दप्तरातले, मुंबईच्या पुराभिलेखागारातले की कुणाच्या घरातले, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) कितवा आणि मोडी वाचले कोणी, एवढी एक ओळ खाली द्या. मूळ कागदाचा फोटो मिळाला तर तोही छापा.

— एक निवृत्त शिक्षिका, दादर, मुंबई