आधी स्क्रिप्ट वाचा, मग चालवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी ‘ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा’ असा सल्ला तंत्रज्ञानविषयक सदरांतून सर्रास दिला जातो; त्या ओळीमागची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाईल, आधी उघडून पाहा, असे मात्र क्वचितच कोणी सांगते.

सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर तयार करून थेट ‘मेक इन्स्टॉल’ ही बसवण्याची आज्ञा दिली, तर फायली ठिकठिकाणी जाऊन बसतात, त्यांची नोंद पॅकेज व्यवस्थापकाकडे (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामकडे) राहत नाही आणि पुढे ते काढायचे म्हटले की पंचाईत होते. आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकाराने यावर सुटसुटीत तोडगा काढला आहे. ‘पीकेजीबिल्ड’ नावाच्या फायलीत आवृत्ती, सोर्सचा पत्ता, चेकसम (फाईल बदललेली नाही हे ताडण्याचा आकडा) आणि बांधणीच्या आज्ञा लिहिलेल्या असतात. ‘मेकपीकेजी’ ही बॅश स्क्रिप्ट त्यानुसार सोर्स उतरवून घेते, चेकसम ताडून पाहते, सॉफ्टवेअर वेगळ्या डिरेक्टरीत बसवते आणि त्याचे पॅकेज बांधून ‘पॅकमन’ या आर्चच्या पॅकेज व्यवस्थापकाच्या हवाली करते. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवायला गेल्यास ती साफ नकार देते, हे मला विशेष आवडते. साध्या पॅकेजची ही फाईल इतकी छोटी असते की शेलची (टर्मिनलमधल्या आज्ञांच्या भाषेची) जुजबी ओळख असलेला विद्यार्थीही ती चहा निवायच्या आत वाचून काढील.

न वाचण्याची जोखीम जुलै २०१८ मध्ये दिसली. आर्चच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारातील ‘अ‍ॅक्रोरीड’ हे पीडीएफ वाचण्याच्या सॉफ्टवेअरचे बेवारस (कोणी सांभाळत नसलेले) पॅकेज कोणीतरी रीतसर आपल्याकडे घेतले आणि बाहेरची स्क्रिप्ट उतरवून लगेच चालवणारी आज्ञा त्यात घुसडली. ती लपवलेलीही नव्हती. अर्थात वाचनाने सगळेच निभावत नाही: मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘एक्सझेड’ या फायली आकसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात घातक भाग प्रकल्पाच्या अधिकृत संग्रहातच होता, त्यामुळे चेकसम बिनचूक जुळत होता.

तरीही सदरलेखकांना एवढी विनंती आहे, की आज्ञा छापताना ती कोणती फाईल उतरवते आणि त्या फायलीत ‘कर्ल’ (इंटरनेटवरून फाईल उतरवणारी आज्ञा) किंवा ‘सुडो’ (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) असलेल्या ओळी का तपासाव्यात, हे दोन वाक्यांत सांगावे. पॅकेजसोबत ‘इन्स्टॉल’ फाईल असल्यास ती पॅकमन रूटच्या अधिकाराने चालवतो, म्हणून तीही नजरेखालून घालण्यास सांगावे. एवढी जागा नसेल, तर आज्ञाच छापू नये.

आपला,
एक वाचक, सांगली