वैशे, ह्या वेळी मीच करणार आहे

देजॉन, ९ ऑक्टोबर २०२५

प्रिय वैशू,

मार्चनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे निरोप वाचले, दोनदोनदा वाचले, आणि उत्तर दिलं नाही. चिडली असशील, चीड. गुडघा बरा आहे, ह्यांची साखर आटोक्यात आहे, तो विषय संपला. आज इथे कोरियात हांगुल दिवस, म्हणजे कोरियन लिपीचा सण. तीन तारखेपासून लागलेल्या सुट्ट्या आज संपतात. सोमवारपासून मनात जे घोळतंय ते उद्या कामाच्या रगाड्यात विरायच्या आत तुला सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

सोमवारी चुसॉक होता, म्हणजे इथला पितरांना पान वाढायचा पौर्णिमेचा सण. तुमची कोजागिरी त्याच दिवशी, चंद्र एकच. (गेल्या वर्षी हाच सण अनंत चतुर्दशीला आला होता.) आमच्या घरमालकीण आजी, हाल्मोनी, वरच्या मजल्यावर राहतात. आदल्या दिवशी त्यांनी मला सोंगप्यॉन करायला बोलावलं. तांदळाची पिठी गरम पाण्यात मळायची, आत तीळ आणि साखर भरायची, अर्ध्या चंद्रासारखा आकार द्यायचा आणि पाइनच्या पानांवर उकडायचं. अगं, मोदक आणि करंजीची मावसबहीणच! जिचे सोंगप्यॉन सुबक, तिला मुलगी देखणी होते, असं इथे म्हणतात. मला तुझे कळ्या नसलेले, पातेल्यात फुटलेले मोदक आठवले, मग तुझी पोर आठवली. ही म्हण साफ खोटी आहे असं मी हाल्मोनींना छातीठोकपणे सांगितलं.

आता खरं सांगते. हाल्मोनींना दोन मुली, मुलगा नाही. गेलेल्या आजोबांच्या श्राद्धाचं सगळं आजवर पुतण्या करायचा. बायकांनी रांधायचं आणि मागे उभं राहायचं. यंदा पुतण्याने कळवलं, जमणार नाही. हाल्मोनी दोन दिवस जेवल्या नाहीत. मग थोरली म्हणाली, "ऑम्मा, मी करते." आई कशीबशी नको म्हणाली. तेव्हा थोरलीने तिला समोर बसवून समजावलं, की भावंडांचं एकमत नसेल तर हा मान थोरल्या मुलाचा, असं इथलं सर्वोच्च न्यायालय २००८ पासून धरून होतं. ते त्याच न्यायालयाने ११ मे २०२३ ला बदललं. आता मुलगा-मुलगी न बघता वयाने जो मोठा, त्याचा मान. हाल्मोनी म्हणाल्या, कोर्टाला काय कळतं, तुझ्या बाबांना चालेल का ते सांग. थोरली म्हणाली, बाबांनी मला कधी मागे उभं केलं होतं?

वैशू, मी तिथे भांडी पुसत होते. मला तुझे अण्णा गेले तेव्हाचा घाट दिसला. तुझ्या हातात मडकं, आणि तुझा पदर ओढत "अगं, चुलतभावाला करू दे ना, कशाला हट्ट" असं कुजबुजणारी मी. आठ महिने बोलली नाहीस माझ्याशी. मला तेव्हा वाटायचं, किती ताणतेस. तू ताणत नव्हतीस. मी चुकले होते, आणि हे एवढं एक वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली.

सोमवारी सकाळी दार उघडं ठेवून थोरलीने आजोबांचं पान मांडलं. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. पीच ठेवायचं नाही, त्याने आत्मे दूर पळतात. लसूण नाही, तिखट नाही, आपल्यासारखंच. तळलेलं ठेवायलाच हवं असं नाही, हे सॉन्गग्युनग्वान ह्या कन्फ्यूशियन परंपरेच्या संस्थेने २०२२ मध्येच जाहीर केलंय, पण हाल्मोनींनी पहाटे उठून माशाचे आणि भोपळ्याचे काप अंड्यात बुडवून परतलेच. उदबत्ती लावली, तांदळाची दारू पेल्यात ओतली, दोनदा दंडवत घातला. जिवंत माणसाला एकदा, गेलेल्याला दोनदा. मग सगळे मान खाली घालून गप्प उभे, आजोबांना जेवायला वेळ द्यायचा म्हणून. थोरलीचे खांदे हलत होते. मग सगळ्यांनी तेच अन्न वाटून खाल्लं.

नंतर अंगणातलं पर्सिमॉनचं झाड दाखवत हाल्मोनी म्हणाल्या, फळं उतरवताना शेंड्यावरची दोनचार ठेवायची. काची म्हणून कावळ्याच्याच कुळातला काळापांढरा पक्षी असतो, ती त्याची. त्याला काचीबाप म्हणतात. बाप म्हणजे भात, जेवण. जिन्यात भेटल्या की रोज विचारतात, "बाप मगॉस्सॉयो?" जेवलीस का? सहा वर्षं ऐकतेय. सोमवारी मला तो शब्द मराठीत ऐकू आला. बाबांचा फोन आला की दुसरं काही बोलायच्या आधी हेच असायचं ना, "जेवलीस का गं?" मी तिथेच पायरीवर बसून रडले. हाल्मोनींनी काही विचारलं नाही, पाठीवर हात ठेवून बसल्या.

कारण पक्ष पंधरवड्यात आमच्या धाकट्याचा फोन आला होता. गुरुजी मिळत नाहीत, सुट्टी नाही, ताई, त्यापेक्षा आश्रमात एक जेवण देऊ, आणि वर्षश्राद्धही यापुढे तसंच. जेवण द्यायला माझी ना नाही, जरूर द्यावं. पण बाबांसाठी कुणी पानच वाढणार नाही, हे मला सहन होत नाही. आणि मी फोनवर काय म्हटलं? "बरं." मुलगा असताना मुलीने मधे पडू नये, असं आई म्हणते आणि मीही तेच धरून बसले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय. मार्गशीर्ष वद्य पंचमी, बाबांची तिथी. मी करणार आहे, आणि आईशी मीच बोलेन. तुझ्या त्या वेळच्या गुरुजींना विचारून ठेव, आणि तेच नाही म्हणाले तर दुसरे कोण, तेही. पिंडाला कावळा शिवत नव्हता तेव्हा तू वाकून अण्णांना काय सांगितलंस, ते कधी विचारलं नाही. सांगशील?

तुझी बदली रद्द झाली का? पोरीचं दहावीचं वर्ष ना? तिच्यासाठी पेनं पाठवतेय. काकूंना नमस्कार.

घाटावर तू माझ्याबरोबर चल. मागे नको, शेजारी उभी राहा.

तुझी,
अंजू